पावसाळ्यात कोंबडीची शेपटीखालची पिसं कोरडी कशी ठेवावीत, आणि किडे पडलेच तर काय करावं

कोंबडीच्या अंगात किडे पडू शकतात, हे पहिल्यांदाच कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं. गुरांच्या जखमेतले किडे आपण पाहिलेले असतात, पण कोंबडीच्या बाबतीत तो विचारच मनात येत नाही. पिसांमुळे आतलं काही दिसत नाही आणि कोंबडी आपलं दुखणं शेवटपर्यंत लपवते. मग एक दिवस सकाळी खुराड्याच्या कोपऱ्यात ती मेलेली सापडते आणि "रोग आला असणार" म्हणत आपण तिला माडाच्या मुळात पुरून टाकतो. शेपटीखालची पिसं बाजूला करून पाहिली असती तर खरं कारण तिथेच दिसलं असतं.

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पट्ट्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. घाटावरच्या कोंबडीपालनाच्या पुस्तकातला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. तिथे पाऊस थांबला की जमीन वाळते. आपल्याकडे मिरग लागला की भाद्रपदापर्यंत चिऱ्याच्या भिंतीसुद्धा ओल सोडत नाहीत. म्हणून या लेखात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, आणि ती मुद्दाम येऊ देतोय: कोंबडी धुण्यापेक्षा ती कोरडी ठेवणं महत्त्वाचं. माशीला ओल लागते आणि वास लागतो. दोन्ही मिळाले नाहीत तर ती कोंबडीकडे फिरकत नाही.

माशा दोन, त्यांची कामं वेगळी

घरात जेवणावर बसते ती करडी माशी आणि मासळीच्या टोपलीवर घोंघावते ती हिरवी-निळी चकाकणारी, अंगाने मोठी माशी. या दोघींत फरक करायला शिका.

कोंबडी मारते ती ही हिरवी-निळी. विष्ठेने माखलेली पिसं, फुटलेल्या अंड्याचा चिकटा, कोंबड्याच्या नखांनी पाठीवर झालेला ओरखडा, यांपैकी कशाचाही वास तिला पुरतो. ती पिसांच्या मुळाशी अंड्यांचा झुबका चिकटवते. आपल्याकडच्या दमट उष्णतेत एका दिवसाच्या आतच अळ्या बाहेर पडतात. आधी त्या घाण खातात, मग मऊ कातडी, मग आत शिरतात. जखमेला वास सुटला की आणखी माश्या येतात. दोन-तीन दिवसांत खेळ संपतो.

करडी माशी सहसा कोंबडीच्या अंगात शिरत नाही. पण ती ओल्या विष्ठेत वाढते, आणि कोंबड्यांच्या एका पट्टकृमीची (चपट्या जंताची) पिल्लं तिच्या पोटात वाढतात. कोंबडीने ती माशी टिपून खाल्ली की जंत कोंबडीत. जंत झाले की पातळ हगवण, हगवणीने शेपटी माखते, आणि माखलेल्या शेपटीवर हिरवी माशी. अशी ही साखळी आहे.

मुसळधार पावसात माश्या कमी दिसतात. खरा धोका असतो तो श्रावणातल्या उघडिपीत, ऊन-पावसाच्या दिवसांत. सकाळी सर, दुपारी चटका, आणि अंगण वाफाळलेलं. त्या दिवसांत रोज लक्ष ठेवा.

रात्रीची तपासणी

सगळ्यात आधी ही सवय लावून घ्या, बाकीचं मागाहून. दिवसा कोंबडी पकडायला गेलात तर सगळी वाडी धावेल आणि कोंबडी धापा टाकत बसेल. कोंबड्या खुराड्यात शिरून दांडीवर बसल्या, अंधार पडला, की बॅटरी घेऊन जा. अंधारात त्या शांत असतात, एकेक उचलता येते.

उचलताना पायांना धरून उलटी लोंबकळवू नका. बाजारात तसं धरतात, म्हणून आपल्यालाही तेच बरोबर वाटतं. पण कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) नसतं आणि उलटं टांगल्यावर आतड्यांचा भार फुप्फुसांवर येतो. डावा हात छातीखाली घाला, दोन्ही पाय बोटांत धरा, तिचं डोकं तुमच्या काखेकडे आणि शेपटी समोर. आता उजवा हात मोकळा. दुसऱ्या कोणाला तरी बॅटरी धरायला सांगा, घरातली पोरं हे काम आनंदाने करतात.

शेपटी वर उचला आणि गुदद्वाराभोवतीची पिसं फुंकर मारून बाजूला करा. निरोगी कोंबडीची तिथली कातडी फिकी गुलाबी, कोरडी असते, अंडी घालत असेल तर थोडी ओलसर आणि सैल. पिसं भुरभुरीत, सुटी.

पिसांच्या मुळाशी पांढरं काही दिसलं तर घाई न करता नीट बघा, कारण तिथे दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसू शकतात. उवांच्या लिखा पिसाच्या दांडीला चिकटून राखाडी-पांढरा कडक गोळा करतात. नखाने ओढल्या तरी सुटत नाहीत. माशीची अंडी मात्र पिवळसर पांढरी, लांबट, तांदळाच्या बारीक कणीसारखी असतात, झुबक्याने असतात आणि बारीक फणीने सहज निघतात. लिखा दिसल्या तर आठवडाभरात उपचार केले तरी चालतं. माशीची अंडी दिसली तर त्याच रात्री काम करायचं, सकाळची वाट पाहायची नाही.

पाठ, पंखांखालची जागा आणि मानही चाचपून घ्या. कोंबडा एकाच कोंबडीच्या मागे असेल तर तिची पाठ उघडी पडते आणि ओरखडे येतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा ठेवा, त्याच्या आऱ्या लांब झाल्या असतील तर टोकं कानसीने घासून बोथट करा.

एरवी आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी, आणि जखम असलेली किंवा खुडूक बसलेली कोंबडी रोज तपासावी. खुडूक कोंबडी अंड्यांवरून दिवसातून एखाददा उठते, ढीगभर विष्ठा टाकते, आणि तिच्या पोटाखाली ऊब आणि ओल कायम. माशीला यापेक्षा सोयीची जागा नाही.

शेपटी माखते कशाने?

स्वच्छ शेपटी खाण्यापासून सुरू होते. विष्ठा कशी आहे हे रोज सकाळी दांडीखाली बघा. घट्ट, तपकिरी-हिरवट आणि वर पांढरी टोपी, ही चांगली विष्ठा. दिवसातून एखाद-दोनदा चॉकलेटी, लिबलिबीत, घाण वासाची पडते, तीही चांगलीच. तिला हगवण समजून औषध देऊ नका.

सतत पातळ होत असेल तर पहिला संशय मिठाचा. आपल्या घरात सुकट, बांगडा, मोरी माशाचे खारवलेले तुकडे असतात आणि उरलंसुरलं कोंबड्यांना घालायची पद्धत आहे. मीठ लावलेल्या मासळीने कोंबडी तहानते, भराभर पाणी पिते आणि पातळ हगते. द्यायचीच असेल तर भिजवून, दोनदा पाणी बदलून, थोडीच द्या. आमटी-कालवणाचा भात तर नकोच.

दुसरा संशय बुरशीचा. पावसात कोंडा आणि कण्या गोळा होऊ लागल्या, कुबट वास आला, की ते कोंबड्यांना घालायचं नाही. थोडकंच विकत आणा, झाकणाच्या डब्यात ठेवा.

तिसरा जंताचा. साधारण दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून. औषध दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही तिथेच विचारून घ्या, हे बहुतेक जण विसरतात.

आणि एक कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही: मऊ कवचाचं अंडं. अंगातला चुना (कॅल्शियम) कमी पडला की कवच पातळ होतं, अंडं बाहेर येतानाच फुटतं आणि बलक पिसांवर वाळतो. आपल्याला यावर बाजारात जावं लागत नाही. तिसऱ्यांच्या शिंपल्या धुवून कडक उन्हात वाळवा, जाडसर कुटा आणि वेगळ्या करवंटीत ठेवा. ज्या कोंबडीला हव्या ती खाईल. उन्हाळ्यातच डबाभर कुटून ठेवाव्यात.

हिरवी पातळ हगवण, मान वाकडी होणं, धाप लागणं, अशी लक्षणं एकत्र दिसली तर तो मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) संशय आहे. तिथे शेपटी धुण्यात वेळ घालवू नका, बाकीच्या कोंबड्या वेगळ्या करा आणि डॉक्टरांना कळवा. पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसलं तरी तेच.

लहान पिल्लांच्या गुदद्वारावर विष्ठा वाळून बूच बसतं. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस मिनिटभर धरून ठेवा, बूच आपोआप सुटेल. ओढलं तर कातडी निघते.

खुराडं कोरडं कसं राहील

आपल्याकडचा पावसाळी वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. खुराड्याचं दार आणि जाळी त्या बाजूला असेल तर झड थेट आत. तोंड पूर्वेला करा. बांधलेलं खुराडं फिरवता येत नसेल तर पडवीला बांधतात तशी माडाची झापं त्या बाजूला बांधा. ताडपत्रीही चालते, पण ती सगळीकडून गुंडाळू नका. वर, छपराखाली वीतभर फट राहू द्या. बंद खुराड्यात रात्रभरच्या श्वासाची आणि विष्ठेची वाफ आतच राहते आणि सकाळी पिसं दमट असतात.

जमीन आजूबाजूच्यापेक्षा हातभर उंच हवी. बसायला गोल दांडी, मनगटाएवढी जाड, अंड्याच्या खोक्यापेक्षा उंचीवर. नाहीतर कोंबड्या खोक्यातच झोपतात आणि तिथेच हगतात. गावठी कोंबडी उंच दांडीवर सहज चढते. गिरिराजसारखी जड कोंबडी चढत नाही, ती खाली ओल्यात बसते आणि तिचीच शेपटी जास्त माखते. तिच्यासाठी दांडी दीड-दोन फुटांवर ठेवा.

दांडीखाली जुना पत्रा किंवा गोण टाका आणि रोज सकाळी ती विष्ठा उचला. रात्रभरात निम्मी विष्ठा तिथेच पडते, म्हणजे पाच मिनिटांत निम्मं काम झालं. बाकीच्या जमिनीवर भाताचं तूस चार-सहा इंच जाड पसरा. लाकडाच्या वखारीतला भुसाही चांगला. पेंढा मात्र ओल धरतो आणि बुरसतो, पावसात तो टाळा. तूस मुठीत दाबून बघा: गोळा होऊन तसाच राहिला तर फार ओला आहे, तेवढा भाग काढून टाका. दर दोन-तीन दिवसांनी दाताळ्याने वरखाली करा. ओलसर जागी विझवलेल्या चुन्याची मूठ भुरभुरून वरून तूस ओढलंत तर ओल कमी होते. कोंबड्यांना त्यावर लगेच सोडू नका.

अंड्यापासून नवी माशी होईपर्यंत उष्ण हवेत आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून ओली विष्ठा आठवड्यातून दोनदा हलली तर तिथे माशीची पिढी पुरी होत नाही. काढलेलं खत खुराड्यापासून दूर खड्ड्यात टाका, वर सुका पातेरा आणि माती.

पाण्याचं भांडं हे ओलीचं मोठं कारण. ते विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा. सांडतंच, पण निदान कोंबड्या त्यात पाय घालणार नाहीत.

खुराड्याभोवतीही नजर टाका. जूनमध्ये झाडाखाली कुजणारे फणस, आंब्याच्या साली आणि बाठी, न्हाणीच्या मोरीजवळ टाकलेली माशांची खवलं आणि आतडी: माश्यांचं मूळ घर हेच. मासळी साफ केल्यावरचा कचरा खोल खड्ड्यात पुरा. कोंबड्या मेलेल्या प्राण्यावरच्या अळ्या खाताना दिसल्या तर हाकला. सडलेल्या मांसातल्या विषाने त्यांची मान लुळी पडते आणि त्या दगावतात. माशी पकडायला प्लॅस्टिकच्या बाटलीत मासळीचा तुकडा आणि पाणी घालून सापळा करता येतो, पण तो खुराड्यापासून वीस-पंचवीस पावलांवर टांगा. जवळ टांगलात तर तुम्हीच माश्या बोलावल्या.

राखेचा खड्डा

कोंबडी आपली पिसं स्वतः साफ करते. शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते, तिथलं तेल चोचीने पिसांवर फिरवते. आणि जास्तीचं तेल, कोंडा, उवा झाडायला धुळीत लोळते. पावसाळ्यात कोरडी धूळ कुठे मिळणार? म्हणून ती आपण द्यायची.

गोठ्याच्या किंवा मांगराच्या वळचणीला, जिथे झड येत नाही तिथे, जुनी घमेली किंवा फुटका टब ठेवा. त्यात कोरडी बारीक माती, थोडी वाळू आणि चुलीतली किंवा पाण्याच्या बंबातली चाळलेली राख. राख निव्वळ लाकडाची हवी, प्लॅस्टिक जाळलेली नको. आणि ती कोरडीच हवी, कारण ओली राख कातडी भाजते. मे महिन्यात दोन गोणी माती वाळवून ठेवली तर चार महिने पुरते.

उवा झाल्याच तर दवाखान्यातून कोंबड्यांसाठीची पावडर आणा, शेपटीखाली आणि पंखांखाली चोळा, आणि दहा दिवसांनी पुन्हा, कारण लिखांवर औषध चालत नाही. खोक्यात निरगुडीचा पाला घालायची जुनी पद्धत आहे, ती जरूर करा. सीताफळाच्या बियांची पूड मात्र वापरू नका, ती डोळ्यात गेली तर कोंबडीच्याही आणि तुमच्याही डोळ्याला इजा होते.

धुणं, पण कधी?

वाळलेली विष्ठा असेल तर आधी पिसं कापायचा विचार करा. बोथट टोकाची कात्री घ्या आणि गुदद्वाराभोवतीची मऊ लव दोन बोटं रुंद छाटा. मोठ्या शेपटीच्या पिसांना हात लावू नका. निळसर, जाड दांडीचं नवं पीस दिसलं तर त्यात रक्त असतं, ते कापू नका. छाटलेली लव पुढची पिसं झडेपर्यंत तशीच राहते, म्हणजे एका कापणीत पावसाळा निघतो.

धुवायचंच असेल तर सकाळी, उघडिपीच्या दिवशी. कोंबडीच्या अंगाची उष्णता 41 अंशांच्या आसपास असते, तेव्हा पाणी मनगटावर सुखाचं वाटेल इतकं कोमट हवं. फक्त मागचा भाग बादलीत बुडवा, सौम्य साबणाचे दोन थेंब, बोटांनी चोळून घाण सुटी करा, स्वच्छ पाण्याने काढा. कपड्याचा साबण नको, पिसांचं सगळं तेल जातं. मग जुन्या टॉवेलने दाबून पाणी टिपा आणि ती मुळापर्यंत सुकेपर्यंत घरात, चुलीच्या उबेजवळ डालग्याखाली ठेवा. ओली कोंबडी संध्याकाळी खुराड्यात घातली तर धुतल्याचा उपयोग नाही, माशीला उलट आमंत्रण.

किडे पडलेच तर

लक्षणं अशी: कोंबडी एकटी उभी, शेपटी पडलेली, डोळे मिटलेले, मागे दोन-चार माश्या घिरट्या घालताहेत, आणि जवळ गेल्यावर कुजका गोड वास. आमच्या शेजारच्या काकींची कोंबडी अशीच उभी होती. काकी म्हणाल्या, "ही कालपासून दाण्याक तोंड लावणा नाय, थंडी लागली आसतली." वरून पिसं छान कोरडी दिसत होती. शेपटी उचलली तर आतली लव ओली, चिकट, आणि ती आपोआप हलत होती. पिसं कापल्यावर बोटाच्या पेराएवढी जखम आणि आत गच्च भरलेल्या अळ्या दिसल्या. वेळेत कळलं म्हणून ती कोंबडी वाचली.

काम या क्रमाने करा.

कोंबडी घरात आणा, इतरांपासून वेगळी. लाल जखम दिसली की बाकीच्या कोंबड्या चोची मारतात. जखमेभोवतीची सगळी घाण पिसं कापा, जखमेची कड पूर्ण दिसली पाहिजे. कोमट मिठाच्या पाण्याने, लिटरभर पाण्याला दोन सपाट चहाचे चमचे मीठ, सुई नसलेल्या सिरिंजने जखम धुवा. धार लागली की अळ्या वर येतात. चिमट्याने एकेक काढून साबणाच्या पाण्यात टाका. थांबून पाच मिनिटांनी पुन्हा धुवा, लपलेल्या मागाहून बाहेर येतात. बॅटरीने कडेखालच्या खळग्यांत बघा. मग चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा आणि टिपून कोरडं करा.

घरात आंब्यावर फवारायचं औषध असतं. ते, फिनेल, रॉकेल, डांबरगोळीची पूड किंवा झुरळांचा स्प्रे, यांतलं काहीही कोंबडीच्या जखमेवर घालू नका. गुरांना चालतं म्हणून ऐकलेलं असतं, पण दीड किलोच्या जिवाला तेच विष होतं. नुसती हळद-खोबरेल लावून सोडणंही पुरेसं नाही, आतल्या अळ्या तशाच खात राहतात.

पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ जखम धुऊन बघा. अंडी नजरेतून सुटतात आणि दुसऱ्या दिवशी नव्या अळ्या दिसतात. कोंबडीला पाण्यात थोडा गूळ, मऊ भात, उकडलेलं अंडं. खाली तूस नको, जुनं धुतलेलं कापड किंवा वर्तमानपत्र, आणि वर मच्छरदाणीचा तुकडा घट्ट बांधून, म्हणजे माशी पुन्हा पोचणार नाही.

जखम पोटाच्या पोकळीत शिरली असेल, गुदद्वारातून आतला लाल भाग बाहेर आला असेल, किंवा कोंबडी उभीच राहत नसेल, तर थेट तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, किंवा जनावरांच्या उपचारांसाठीच्या 1962 या क्रमांकावर फोन करा. कोंबडीसाठी कोण डॉक्टरकडे जातं, असं गावात म्हणतील. तुम्ही जा. प्रतिजैविक लागलं तर मात्रा वजनावर ठरते, ती अंदाजाने द्यायची नसते.

जखमेवर कोरडी खपली धरली आणि बाजूने नवी गुलाबी कातडी दिसू लागली की धुणं थांबवा. पूर्ण भरेपर्यंत तिला बाहेर सोडू नका. परत कळपात सोडायचं ते रात्री, दांडीवर बाकीच्यांच्या शेजारी ठेवून; दिवसा सोडलं तर जुन्या सोबतिणीच तिला परकी समजून टोचतात.